मामांची मान

३ मार्च, सोमवार

बसमध्ये झोपलो तेव्हा मान माझी होती, उठलो तेव्हा कोणा दुसऱ्याचीच. उजवीकडे वळतच नाही. रस्ता ओलांडताना गाडी येते का बघायला अख्खा मीच फिरतो, दोन माणसांनी कपाट फिरवावं तसा.

मामांकडे येऊन पडलोय. एक काम सुटलं आणि दुसरं धरलेलं नसलं की मी इथे येतो. मामा मला नावाने हाक मारत नाहीत, भिंगरी म्हणतात. म्हणाले, "आली का भिंगरी? या खेपेला काय मोडून आलास?" मान दाखवली.

मामांचं सलून खाली आणि घर वर. मामांची ख्याती कटिंगसाठी नाही, मान मोडण्यासाठी आहे. दाढी झाली की गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांत धरायचं, काहीतरी विचारून त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि मध्येच एक झटका. कडाक. मग दुसऱ्या बाजूला कडाक. त्या आवाजासाठी माणसं लांबून येतात. माझी मान बघून मामांचे डोळेच चमकले. बस म्हणाले, बसलो. सध्या काय करतोस असं विचारलं, आणि मी उत्तर शोधतोय तोवर कडाक.

डोळ्यांपुढे काजवे. आता डावीकडेही वळत नाही.

मामी म्हणाली, समोरच्या इमारतीत फिजिओथेरपीवाली बाई बसते, तिला दाखव. मामा म्हणाले, मान मोडायला आता डिग्री लागते का? मामी म्हणाली, मोडायला नाही, जोडायला लागते.

५ मार्च, बुधवार

फिजिओबाईंकडे गेलो. वाटलं होतं, टेबलावर पालथं घालतील आणि कणकेसारखं तिंबतील. पण त्यांनी कितीतरी वेळ हातच लावला नाही. नुसते प्रश्न. कधीपासून, कुठे, हाताला मुंग्या येतात का, रात्री ताप येतो का. इथवर ठीक. मग विचारलं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? चालताना तोल जातो? पायाखाली जमीन नीट लागते ना? लघवीवर ताबा आहे? मी म्हटलं, मॅडम, मान वळत नाहीये, बाकीचा गडी शाबूत आहे. हसल्या, पण लिहून घेतलंच.

मानेचा आणि बटणांचा काय संबंध ते विचारणार होतो, पण कोपऱ्यात एक सांगाडा उभा होता आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी क्रिकेटची टोपी घातलेली. मी त्याच्याकडे बघत बसलो. बाई म्हणाल्या, याच्या मानेत सात मणके आहेत, तुझ्या मानेत सात आणि जिराफाच्याही मानेत सातच. मग पुढचं माझं लक्षच लागेना. जिराफ झोपतो कसा?

मग तपासणी. वर बघ, खाली बघ, कान खांद्याकडे ने. कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ असावा अशा पट्टीने मान किती वळते ते मोजलं. कोपरावर छोटा हातोडा मारला. दंड ढकलून पाहिले. शेवटी पाठीवर अंगठे फिरवत म्हणाल्या, खांद्यांच्या दोन पात्यांमधली पाठ लाकूड झालीय, ती हलत नाही म्हणून सगळा भार मानेवर. नस बिस काही दाबलेली नाही. शेक दिला आणि एक व्यायाम शिकवला: नजर समोर ठेवून हनुवटी सरळ आत ओढायची, कासव मान आत घेतं तशी.

आणि मान कुणाकडून मोडून घ्यायची नाही, म्हणाल्या. मी सांगितलं की मोडणारे माझे मामाच आहेत, समोरचं सलून. त्या म्हणाल्या, "ओळखते की. माझे निम्मे पेशंट तेच पाठवतात. त्यांना ठाऊक नसतं, एवढंच."

१० मार्च, सोमवार

मान वळतेय. चुलीत गेली ती बस.

मी सलूनच्या आरशात बघून कासव करतो. मामा गिऱ्हाइकांना सांगतात, भाच्याला बाईंनी पाण्यात सोडायचं ठरवलंय. गिऱ्हाइकं हसतात. पण पूर्वीइतकी गिऱ्हाइकं दिसत नाहीत हेही खरं. ते जुने पेन्शनर, ज्यांची खुर्ची ठरलेली असायची, ते परवा चौकातल्या नव्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. मला बघून त्यांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

मामांच्या हातून आज कात्री दोनदा पडली. एका पोरगेल्या माणसाच्या कानाला वस्तरा लागला. मामांनी तुरटी लावली आणि उलट त्यालाच म्हणाले की कान फार पुढे आलेत तुझे.

दुपारी मामीने स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाली, तुझे मामा प्यायला लागलेत. जिना चढताना भिंत धरतात, पाय फाकवून चालतात, बोटीवरच्या खलाशासारखे. कप हातातून सुटतो. मी विचारलं, वास येतो का? म्हणाली, रोज हुंगते, वेलचीशिवाय कसलाच येत नाही. म्हणजे महागाची पीत असणार.

मला पाळतीवर नेमलंय. कुणाला काही बोलायचं नाही अशी गळ्याची शपथ घातलीय तिने, स्वतःच्या.

१३ मार्च, गुरुवार

पाळत ठेवली. मधला थोडा भाग हुकला, कारण वाटेत एक माणूस किल्ल्या घासून देत होता आणि एकाच किल्लीतून दुसरी कशी जन्मते ते बघण्यात मी रमलो. पुन्हा गाठलं तेव्हा मामा बागेच्या बाकावर बसले होते. बाटली नाही, सोबतीला कोणी नाही. नुसती मूठ उघडत होते, मिटत होते. उघडायला वेळ लागत होता. शेजारी बसलो तर दचकलेही नाहीत. म्हणाले, मामीने पाठवलं ना? मी म्हटलं, नाही, सहज. म्हणाले, "सहज येणारा माणूस बाकावर बसतो. तू झाडामागे होतास."

परत येताना त्यांच्या एका पायातली चप्पल मागे राहिली आणि ते तसेच चालत राहिले. मी उचलून आणून दिली. म्हणाले, पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं रे, नवीन चपला आहेत. चपला चांगल्याच जुन्या आहेत.

मान दुखते का विचारलं. म्हणाले, छे, कधी कधी कुरकुरते एवढंच. मग काहीच दुखत नाही, तर होतंय काय? वय म्हणावं तर त्यांच्याच वयाचे लोक समोर बॅडमिंटन खेळतात.

दारापाशी थांबून म्हणाले, हात गेला की सलून म्हणजे नुसती आरशांची खोली.

मामीला सांगितलं, पीत नाहीत. ती म्हणाली, तुलाही पाजली वाटतं.

१९ मार्च, बुधवार

फिजिओबाईंनी आता रबरी पट्टी दिलीय. दाराच्या कडीला अडकवायची आणि दोन्ही हातांनी मागे ओढायची, पाती एकमेकांना भेटेपर्यंत. गंमत म्हणजे व्यायाम पाठीचा आणि मोकळी होते मान. हे मला अजून पटलेलं नाही, पण मान वळते त्याला काय करणार.

आज धीर करून विचारलं, मॅडम, दारू न पिता माणूस झोकांड्या खाईल का? त्या लगेच थांबल्या. कोण माणूस? मामीचा गळा आठवला. म्हटलं, एक मित्र आहे. हातातून वस्तू पडतात का त्याच्या? म्हटलं, पडतात. त्याला घेऊन ये, म्हणाल्या, लवकर, आणि बोलावणं गांभीर्याने घे. मी हो म्हटलं. पण मित्र आणायचा कुठून? मामांना सांगावं तर ते त्या इमारतीची पायरी चढणार नाहीत, आणि मामीची शपथ मोडावी तर तिचा गळा. शेवटी विचार करकरून डोकं दुखायला लागलं म्हणून नदीवर गेलो.

२२ मार्च, शनिवार

आज एक मोठं काम केलं.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी त्यांना त्या खुर्चीत कधी पाहिलेलं नव्हतं, मिशी काढलेल्या माणसासारखे अनोळखी दिसत होते. म्हणाले, भिंगरी, आख्ख्या गावाची मान मी मोडली, माझी मोडायला कोणी नाही. सगळा बिघाड तिथेच आहे. एकदा मोकळी झाली की हात पूर्वीसारखा होईल. तू बघितलंयस कितीदा. मोड.

मी म्हटलं, बाई नको म्हणतात. म्हणाले, हात बाईंचा जाणार नाहीये, माझा जाणार आहे. असं कधी बोलत नाहीत ते. आरशातून माझ्याकडे बघत होते.

मग केलं. एकीकडे काही झालं नाही. दुसरीकडे आवाज आला, पण कडाक नाही, काहीतरी ओलं. म्हणाले, करंट गेला, पाठीतून पार पायापर्यंत. उठायला गेले आणि जमिनीवर बसले. मी घाबरलो, पण ते हसायला लागले म्हणून मीही हसलो. म्हणाले, करंट आला म्हणजे लाइन चालू झाली. मला पटलं. फ्यूज बसवल्यावर आधी ठिणगी उडतेच की.

संध्याकाळी कंगवा धरता येत नव्हता. मामा म्हणाले, मोकळी झालेली नस आधी बधिर होते. असेल. मी आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या काही कामी आलो, असं मामीला सांगावंसं वाटलं. पण ते नको म्हणाले.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला कळलेलं नाही. लिहिताना कळेल कदाचित.

फिजिओबाईंकडे पट्टी ओढता ओढता मी कौतुकाने सांगून टाकलं की मित्र वगैरे कोणी नाही, मामाच आहेत, आणि त्यांची मान मी मोडली, करंट थेट पायापर्यंत गेला. बाईंनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. ते आत्ता कुठे आहेत, विचारलं. मी म्हटलं, दुकानात, दाढी करतायत. कोणाची? म्हटलं, गिऱ्हाइकाची. बाईंनी कपाटातून गळ्याचा पट्टा काढला आणि बाहेरच्या पेशंटला नुसतं "आले" म्हणून रस्ता ओलांडला. मी मागे.

खुर्चीत बँकेतला शिपाई होता, अर्ध्या चेहऱ्याला फेस. मामांनी वस्तरा दोन्ही हातांत धरला होता. बाईंना बघून म्हणाले, या, पण लेडीज कटिंग करत नाही आम्ही. बाई म्हणाल्या, "आधी वस्तरा खाली ठेवा." आवाज मोठा नव्हता. मामांनी ठेवला. मला वाटतं, त्यांना ठेवायचाच होता.

मग त्यांना स्टुलावर बसवून म्हणाल्या, मुठी उघडा मिटा, जमेल तेवढ्या भराभर. भराभर होईनात. मधल्या बोटाचं नख धरून खाली टिचकी मारल्यासारखं सोडलं, तर मामांचा अंगठा आपोआप आत वाकला. पुन्हा केलं, पुन्हा वाकला. मामा म्हणाले, मान बघायला आलात आणि बोटं कसली बघता? बाई म्हणाल्या, मानच बघतेय. एका रेषेत चालायला सांगितलं, टाचेला बोटं लावून. दुसऱ्याच पावलाला मी धरलं. मानेला मात्र बाईंनी बोटसुद्धा लावलं नाही, फक्त अलगद पट्टा बांधला. मी म्हटलं, मॅडम, मला दिला तसा शेक तरी द्या. त्या म्हणाल्या, हे माझ्या हातात नाही. आजच हॉस्पिटल, आत्ता.

मला राग आला. माझी मान ठणकत होती तर शेक दिला, पट्टी दिली. मामांची दुखत नाही, तर हात झटकून मोकळ्या. बरं, हात झटकले म्हणावं तर रिक्षात आमच्याबरोबर बसल्याही.

बँकेतला शिपाई विचारत होता, माझी उरलेली अर्धी? मामा म्हणाले, चौकातल्या दुकानात जा, म्हणावं मामांनी पाठवलंय, पुढचं पुरं करा.

२५ मार्च, मंगळवार

मोठ्या मशीनच्या नळीत घालून मानेचे फोटो काढले. मणक्यांच्या पोकळीतून एक दोरी जाते म्हणे, मेंदूकडून हातापायांकडे. मामांची ती पोकळी अरुंद होत होत दोरी चेपलीय. सर्जन म्हणाले, मागून उघडून जागा करावी लागेल. पुढे बिघडू नये म्हणून. गेलंय त्यातलं किती परत येईल, सांगता येत नाही. मामांनी एकच विचारलं, हात? सर्जन म्हणाले, बघू.

मग त्यांनी विचारलं, मानेला काही मार, झटका? कोणी मान मोडली का? मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मामा म्हणाले, "मीच. न्हाव्याची सवय, साहेब. येता जाता स्वतःची मोडून घेतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, भिंगरी, जा, मामीला चहा आण.

चहा आणायला गेलो. जाताना विचार करत होतो की मामा विसरले कसे? शनिवारचीच गोष्ट. दोरी मेंदूतून येते, तर तिच्या चेपण्याने आठवणीवरही परिणाम होत असेल. सर्जनना हे विचारायला हवं होतं. पण परत आलो तेव्हा ते गेले होते, आणि मामा मला म्हणाले, या विषयावर तू कोणाशी बोलायचं नाही, मामीशी तर नाहीच. म्हणजे आठवण आहे. मग?

मामी बाकावर बसून रडत होती. मी म्हटलं, बघ, पीत नव्हते ना. ती म्हणाली, "दारू असती तर मी सोडवली असती रे."

२८ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन मंगळवारी. मी सलून झाडून घेतो, आरसे पुसतो, बंद करतो. एका ट्रकवाल्या दोस्ताचा निरोप होता, डोंगरापलीकडे माल चाललाय, येतोस का. पिशवी भरली. मग कासव करायला आरशापुढे उभा राहिलो आणि मान इतकी सुरेख वळली, दोन्ही खांद्यांपर्यंत, की मला कसंसंच झालं. ट्रक गेला.

फिजिओबाईंना जाऊन सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का? म्हणाल्या, हे आधीपासून चाललेलं होतं. तू आला नसतास तरी ही वेळ आली असती. मी म्हटलं, म्हणजे नाही? म्हणाल्या, तसं नाही म्हणत मी. त्या झटक्याने अजून चेपली असेल. किती, ते कोणीच सांगू शकणार नाही. मी म्हटलं, म्हणजे हो? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पुन्हा कोणाचीही मोडू नकोस.

हो असतं तर मामांच्या पाया पडलो असतो. नाही असतं तर सुटलो असतो. हे मधलं घेऊन कुठे जायचं?

१ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून लिहितोय. मामी शेजारी आहे. मामांचा सदरा मांडीवर घडी घालते, मोडते, पुन्हा घालते.

सकाळी मानेच्या मागचे केस काढायचे होते. वॉर्डमधला माणूस मशीन घेऊन आला. मामांनी त्याची मशीन धरायची पद्धत बघितली आणि सरळ सांगितलं, तुम्ही नको. नर्स म्हणाली, आजोबा, वेळ नाहीये. मामा म्हणाले, माझा भाचा करील. मला वाटलं, थट्टा. मी उभ्या जन्मात कोणाचे केस कापलेले नाहीत. आणि दुसरं कारण तर मामांना माहीतच होतं. मी मागे सरकलो. म्हटलं, मामा, तुमच्या मानेला मी हात लावणार नाही.

मामा पट्टा बांधून सरळ बसले होते, त्यांना मान वळवायची मनाई. समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाले, "भिंगरी, इकडे ये. दुसरा कोणी नको मला."

नर्सने पट्टा काढला आणि पुढून हनुवटी धरून ठेवली. म्हणाली, फक्त मशीन, वस्तरा नाही. मी मागे उभा राहिलो. मामांची मान इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. बारीक आहे, मध्ये एक खळगा आहे. मामा बोलत राहिले. खालून वर. दाबू नको, मशीनला आपल्या वजनाने जाऊ दे. आता कानामागे, कातडी थोडी ताण, बोटाने, हां. श्वास कशाला रोखलायस, घे. त्यांना दिसत नव्हतं काही, पण माझा हात कुठे आहे ते बरोबर कळत होतं. मध्ये एकदा माझे डोळे भरून आले आणि काही दिसेना, तर म्हणाले, थांब जरा, घाई नाही. नर्सने घड्याळाकडे बघितलं, पण हनुवटी सोडली नाही.

झाल्यावर मामांनी विचारलं, रेष सरळ आली का? मी म्हटलं, आली. म्हणाले, आता घेऊन चला.

त्यांनी मलाच का सांगितलं ते मामीला विचारलं. ती म्हणाली, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? असेल तसंच.

(नंतर.) आतून डॉक्टर आले. झालं. मामा शुद्धीवर आलेत, दोन्ही पायांची बोटं हलवली, सांगितलं तेव्हा सांगितलं तशी. हातांचं विचारलं तर म्हणाले, काही महिने लागतील, तेव्हा कळेल. मामीने घडी घातलेला सदरा मला धरायला दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मागून दुसरी एक नर्स आली, आतलीच. म्हणाली, एवढी स्वच्छ हजामत करून पेशंट कधी आलेला नाही आमच्याकडे, कोणी केली? मी म्हटलं, मामांनी. ती म्हणाली, स्वतःच्या मानेच्या मागची? मी म्हटलं, हात माझा होता, पण केली मामांनी.

तिला काही कळलं नाही. मी समजावून सांगायला लागलो, पण मान मोडली त्या शनिवारपासून सुरुवात करावी लागली असती, म्हणून गप्प बसलो.